सातवी चिंधी

“सातवी कुठं? सातवी कुठं?”

काकाचा तो आवाज तिने शेवटचा ऐकला तेव्हा ती नऊ वर्षांची होती. पुढच्या चौतीस वर्षांत तिने स्वतः शेकडो इंजिनं उघडली, शेकडो मिटवली, आणि दर वेळी शेवटचे बोल्ट आवळताना तो आवाज यायचा. कधी गाडीखालून, कधी पत्र्याआडून, कधी तिच्याच बरगड्यांखालून.

गॅरेजची रीत अशी होती. इंजिन उघडायचं तर मोजून सात चिंध्या घ्यायच्या. सहा नाहीत, आठ नाहीत. साती एकाच जुन्या पडद्याच्या, निळ्या फुलांच्या, आणि प्रत्येकीची कड आईने लाल दोऱ्याने दुमडून शिवलेली. कारण सुटा धागा तेलाच्या वाटेत शिरला तर इंजिनाचा गळा धरतो. काम संपलं की इंजिन मिटवायच्या आधी साती चिंध्या मोजायच्या. ते काम घरातल्या पोरीचं. बाबांनी तिचं नाव मोजणीबाई ठेवलं आणि काकाने त्या नावाचं गाणं केलं:

एक चिंधी हाताला, दुसरी चिंधी चाकाला,
तिसरी पुसते पिस्टनला, चौथी माझ्या नाकाला,
पाचवी बुडाली तेलात, सहावी दडली खिशात,
सातवी कुठं? सातवी कुठं? मोजणीबाईच्या हातात!

शेवटच्या शब्दाला ती सातवी चिंधी झेंड्यासारखी उंच धरायची. मगच चेंबर, म्हणजे इंजिनाच्या पोटाखालचं ते तेलाचं तसराळं, जागेवर चढायचं.

त्या दिवशी चिंध्या सहा होत्या.

डोंगररस्त्याच्या शर्यतीची सकाळ. दोघा भावांनी दोन वर्षं मरमर मरून एक मोडकी स्पोर्ट्स कार उभी केली होती: दोनच सीटा, लांब नाक, गोल दिवे, लाल रंग, आणि जमिनीला पोट घासेल इतकी बुटकी. इंजिन काकाने बांधलेलं, चालवणार बाबा. तिने मोजलं, सहा. पुन्हा मोजलं. सहाच. बाबा घड्याळाकडे बघत होते, आणि तिला महिन्यापूर्वीचं आठवलं. तेव्हाही सहाच भरल्या होत्या. तिने तसं सांगितलं होतं, बाबांनी अख्खं इंजिन परत खोललं होतं, आणि चार तासांनी सातवी चिंधी निघाली ती बाबांच्याच मागच्या खिशातून. चूक त्यांची, थप्पड तिला. पाच बोटं दोन दिवस गालावर मुक्कामाला होती.

“किती?” बाबा ओरडले.

“सात,” ती म्हणाली. आणि काकाच्या गाण्याला तिने सहावीच चिंधी सातवी म्हणून उंच धरली.

तिसऱ्या वळणावर इंजिन धावता धावता जागच्या जागी जाम झालं. मागची चाकं धरली, गाडी कठड्यावर गेली. बाबांचा उजवा पाय गुडघ्याखालून काढावा लागला.

इस्पितळात काका पलंगाच्या पायथ्याशी उभा राहून म्हणाला, “दादा, तेल वर चढलं नाही. चेंबर उघडून बघू या. चिंधी राहिली असेल.”

बाबांनी पोरीला जवळ बोलावलं. “किती होत्या?”

“सात.”

आईने पिशवीतून चिंध्या काढल्या आणि बाबांच्या पांघरुणावर एकेक मांडल्या. एक, दोन, तीन... सात. पोर आ वासून बघत राहिली. सातव्या चिंधीची लाल शिवण नवीकोरी होती. स्वयंपाकघरातला उरलेला पडदा त्या दिवसापासून वीतभर आखूड झाला होता, ओट्यावर उन्हाची एक पट्टी नव्याने पडू लागली होती. आईने तिच्याकडे पाहिलं नाही. पुढे मरेपर्यंत ती त्या गोष्टीबद्दल एवढंच बोलली, तेही एकदाच, भांडी विसळताना: “कुणी विचारलं तर सात.”

“माझी पोर खोटं मोजत नाही,” बाबा म्हणाले. “चिंधी नाही, बोल्ट नाही, काही नाही. तेलाच्या पंपाचा नट तू आवळला नाहीस. माझा पाय तू खाल्लास. चालता हो.”

“उघडून तर बघ, दादा.”

“उघडायची नाही. ज्यानं मारली त्यानंच एक दिवस उघडायची. मी सांगेन तेव्हा. माझ्या डोळ्यांदेखत.”

गाडी मागच्या शेडमध्ये गेली, दाराला कुलूप लागलं. काकाला इंजिनमाऱ्या हे नाव लागलं ते कुलपासारखंच, गंज चढला तरी निघालं नाही. गल्लोगल्ली ते पसरलं. कुठल्याही गॅरेजने त्याला इंजिनाला हात लावू दिला नाही. शेवटी बस डेपोत लागला, आणि तीस वर्षं बसगाड्या धूत राहिला.

आणि ती? तिने लग्न केलं नाही, घर सोडलं नाही. बाबांच्या तुटल्या पायाची पट्टी रोज बदलली, गॅरेज चालवलं, चिंध्या तीनतीनदा मोजल्या. लोक म्हणत, काय ही मुलगी, बापासाठी जिवाचं पाणी केलं. खाई त्याला खवखवे, हे लोकांना कुठलं माहीत?

*

डॉक्टरांनी बाबांना महिने मोजून सांगितले, तेव्हा बाबांनी शेजारच्या रंगाऱ्याकरवी निरोप धाडला: गाडी उघडायची आहे, ये.

काका आला तो पायीच आला. बगलेत कापडात गुंडाळलेले पाने. डोकं पांढरं, पाण्यात राहून राहून बोटांची टोकं कायमची सुरकुतलेली.

“या, इंजिनमारे!” बाबा चाकाच्या खुर्चीतून म्हणाले. मांडीवर कायम असायचा तो पाना त्यांनी खुर्चीच्या दांडीवर वाजवला. “जोडा बाहेर काढ. दोन-दोन पाय मिरवत आत येऊ नकोस. आमच्याकडे एकाचीच पद्धत आहे.”

रंगारी हसला. उस्तादांच्या, म्हणजे बाबांच्या, विनोदाला हसणं हा त्या गल्लीत अर्धा धंदा होता.

“बरा आहेस, दादा?”

“छान आहे. डॉक्टर म्हणतो तीन महिने. म्हटलं, जायच्या आधी तुझं कर्तृत्व बघून जावं. चेंबर तू उघडायचं, चार लोकांसमोर. नट दाखवायचा. मग गाडी चालू करायची. मारलीस तू, जिवंत तू कर.”

काका म्हणाला, “मलाही बघायचंय, दादा. चौतीस वर्षं तो नट मी मनात आवळतोय. कधी वाटतं आवळला होता. कधी वाटतं, नसेल.”

“बघू की. रविवारी.”

“आणि चालू झाली तर?”

“झाली तर,” बाबा हसले, “एक चक्कर तुझी.”

“खरं?” पासष्टीचा माणूस, पण तो शब्द दहा वर्षांच्या पोराच्या तोंडून निघाला.

“शब्दाला जागतो मी. सगळ्या गल्लीला माहीत आहे.”

ती पुढे झाली. “काका, पाणी देऊ तुम्हाला?”

“तुम्हाला?” काकाने तिच्याकडे बघितलं. डोळे तेच, फक्त खोल गेलेले. “मी कधीपासून ‘तुम्ही’ झालो गं, मोजणीबाई?”

ती पाणी आणायला वळली.

शेडचं कुलूप तोडावंच लागलं. आत गाडी होती तशीच होती, नाक ठेचलेलं, धूळ बोटभर. लाल रंग विटकरीवर आलेला. सीटांच्या काथ्यात उंदरांच्या पिढ्या नांदून गेल्या होत्या. टायर भेगाळून बसले होते, टाकीतलं पेट्रोल आटून डिंक झालं होतं. काकाने बोनेटवर तळवा ठेवला आणि तो तसाच ठेवून उभा राहिला.

“किती म्हातारी झालीस गं तू,” तो तिला म्हणाला. गाडीला. मग बाह्या सरसावल्या.

आठवडाभर काकाने आणि तिने मिळून काम केलं. गाडी ढकलत पुढे आणली, लोखंडी घोड्यांवर चढवली. स्पार्क प्लग काढून त्या भोकांतून पातळ तेल सोडलं आणि मुरू दिलं. ब्रेकचे नळ बदलले, वायरी उपसल्या. काकाचे हात सुरुवातीला बिचकत होते, तिसऱ्या दिवशी त्यांना सगळं आठवलं. बंद पडलेल्या विहिरीला झरा फुटावा तसा तो माणूस पाझरू लागला. गाडीखाली पाठीवर पडल्या पडल्या गुणगुणायचा:

पी गं बये तेल थोडं, घशाला पडली कोरड,
चौतीस वर्षं निजलीस, आता एकदा तरी ओरड!

“ओरडेल ओरडेल,” बाबा खुर्चीतून म्हणायचे. “आधी तू ओरडशील, रविवारी.”

शुक्रवारी संध्याकाळी काका हात धुवायला स्वयंपाकघरात गेला. ती मागोमाग साबण घेऊन गेली.

“वहिनीचा पडदा अजून आहे!” त्याने खिडकीकडे बघितलं. फुलं आता निळी म्हणायची एवढंच. “पण हा एवढा आखूड कधी झाला गं? पूर्वी ओट्याला टेकायचा.”

“उंदरांनी खाल्ला.”

“उंदीर असे सरळ रेषेत खातात होय?” तो हसला, हात धुतले, ओंजळभर पाणी प्यायला आणि निघून गेला.

त्याच्या बोलण्यात काही नव्हतं. पण चोराच्या मनात चांदणं. ती त्या वीतभर उन्हाच्या पट्टीकडे बघत राहिली. रविवारी चेंबर उतरेल. चार लोक वाकून बघतील. आणि आईने शिवलेली लाल कड, खरी सातवी, सगळ्यांसमोर खाली लोंबेल.

*

बाबा दुपारी जेवून आडवे झाले की दोन तास उठत नसत. शनिवारी काका डेपोत पेन्शनच्या सहीला गेला होता. तिने शटर अर्धं ओढलं, चाकांच्या फळीवर पाठ टेकली आणि गाडीखाली सरकली.

अठरा बोल्ट. प्रत्येक बोल्ट सोडताना तिने स्वतःला सांगितलं की आपण फक्त बघणार आहोत. चेंबर खाली आलं, काळा गाळ तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला. आणि ती होती. तेल वर खेचणाऱ्या नळीच्या जाळीत गच्च ओढली गेलेली. बाळाने दुपट्याचं टोक तोंडात धरून झोपून जावं तशी.

तिने ती सोडवली. काळी, जड, ओली. खिशात घातली.

आता फक्त चेंबर लावायचं होतं. पण चौतीस वर्षं ती हेच काम करत आली होती, आणि मेकॅनिकचं डोकं थांबत नाही. चिंधी नाही म्हटल्यावर सगळे पंपाचा नट बघणार. तिने नटाला पाना लावला. नट घट्ट होता. असा घट्ट, की पाना हातात गुणगुणला. काकाने आवळलेला नट. चौतीस वर्षं, एक अपघात, एक कठडा, तरी केसभर हललेला नाही. उद्या हा नट बघून बाबा म्हणतील, मग तेल गेलं कुठं? आणि मग सगळ्यांच्या नजरा हळूहळू, एकेक करून, तिच्याकडे वळतील.

बाबा तीन महिन्यांचे सोबती, तिने मनाशी म्हटलं. मरणाऱ्या माणसाला कशाला कळायला हवं की आपला पाय आपल्या पोटच्या पोरीने तोडला? आणि काकाचं काय? काकाला सवय आहे. ज्याने चौतीस वर्षं पोतं वाहिलं, त्याला वर आणखी एक वीट कितीशी जड होणार?

असं तिने खरंच म्हटलं. मनाशी, पण शब्दाशब्दाने.

मग तिने जोर लावला. नट एकदा करकरला, सुटला. दोन फेरे. उघड्या पडलेल्या चमकत्या आट्यांवर तिने बोटाने जुना गाळ चोपडला, चेंबर लावलं, अठरा बोल्टांच्या डोक्यांवर धूळ फासली. बाबा उठले तेव्हा चहा तयार होता.

“कुठं होतीस?”

“इथंच, बाबा.”

*

रविवारी बाबांनी दाढी करून धुतलेला शर्ट घातला. रंगारी आला, समोरची शिवणवाली आली, दोन जुने मेकॅनिक हात मागे बांधून उभे राहिले. बाबांना खुर्चीतून गाडीखालचं दिसेना, म्हणून त्यांनी आपला दाढीचा आरसा काठीला बांधून घेतला होता. तो आरसा धरायचं काम तिला दिलं.

काका खाली सरकला. बाहेर फक्त त्याचे दोन पाय. बोल्ट एकेक उतरले, चेंबर बाहेर आलं. “जाळी मोकळी आहे,” तो आतून म्हणाला. आवाज गोंधळलेला. “चिंधी... नाहीये इथं.”

“अरे, चिंधी कशी असेल? पोरीनं मोजल्या होत्या!” बाबांनी पाना वाजवला. “नटाकडे ये. नटाकडे. पोरी, आरसा नीट धर.”

तिने आरसा धरला. त्या वर्तुळात काकाचा हात आला. त्याने पाना लावला, ताकद घेतली, आणि ताकद वाया गेली. त्याने पाना काढला. बोटांनी नट धरला. नट फिरला.

रंगारी वाकून आरशात बघू लागला.

“मी आवळला होता,” काका हळू म्हणाला. “हाताला आठवतं माझ्या.”

“हाताला काय आठवतं ते आरशात दिसतंय. बघा रे सगळ्यांनी! बोटांनी फिरतोय. शिवणवालीबाई, तुमच्या मशीनचा नट असा असता तर सुईनं बोट शिवलं असतं की नाही?” बाबांच्या गालांवर रंग चढला होता, इतके बरे ते वर्षभरात दिसले नव्हते. “म्हण आता.”

“काय, दादा?”

“‘मी मारली.’ मोठ्यानं म्हण, मागच्यांना ऐकू येत नाही.”

“...मी मारली.”

“आणि पाय?”

“पायही मीच.”

“ऐकलंस ना, पोरी?”

तिच्या हातातला आरसा हलला. वर्तुळात काकाचा चेहरा उलटा आला. डोळे उघडे, वर इंजिनाच्या पोकळीत बघणारे. “ऐकलं, बाबा,” ती म्हणाली.

माणसं पांगली. काका तासभर बाहेर आला नाही. नुसते पाय दिसत होते, आणि ते पाय थंडीत कुडकुडल्यासारखे हलत होते.

*

तरी तो रोज येत राहिला. क्रँक घासून आणली, नव्या बेअरिंगा बसवल्या, कार्बोरेटर रॉकेलमध्ये बुडवून बुडवून जिवंत केला. रंगाऱ्याने ठेचलेलं नाक ठोकून सरळ केलं, लाल रंग चढवला. गाडी रोज थोडी तरुण होत होती आणि काका रोज थोडा म्हातारा. गुणगुणणं बंद झालं ते झालंच. साधा नट आवळला तरी तिला हाक मारायचा.

“बघ गं जरा. घट्ट आहे का?”

“आहे, काका.”

“पुन्हा बघ. माझ्या हाताचा भरवसा नाही आता.” आणि आपल्या सुरकुतल्या बोटांकडे असा बघायचा, जशी ती कुणा परक्याची आहेत, इतकी वर्षं विश्वासाने घरात ठेवलेल्या चोराची.

ती पुन्हा बघायची. तिच्या कामाच्या कोटाच्या आतल्या खिशात ती चिंधी होती. तिने ती रॉकेलने धुतली होती, वाळवली होती. फुलं पुसट निघाली, पण लाल दोरा जसाच्या तसा. टाकून द्यावी असं रोज वाटायचं. भट्टीपाशी जाऊन दोनदा परत आली होती. आईचे टाके होते ते.

चेंबर मिटवायच्या दिवशी काकाने नव्या सात चिंध्या तिच्यापुढे सरकवल्या. “मोज.”

तिने मोजल्या. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात. ती थांबली. वाट बघत राहिली.

“झाल्या ना सात? मग लावू या,” काका म्हणाला.

“गाणं, काका?”

“कुठलं गाणं?” त्याने विचारलं. चेष्टा नव्हती ती. त्याला खरंच आठवत नव्हतं, किंवा आठवायचं नव्हतं. आणि ती फळीवर निजून अठरा बोल्ट आवळत गेली. त्या दिवशी पहिल्यांदाच, गाडीखालून, पत्र्याआडून, कुठूनच आवाज आला नाही.

*

चालू करायचा दिवस उजाडला. बाबा आता खुर्चीत उशांच्या आधाराने बसत. चेहरा पिवळा, जीभ मात्र धारेवर. “आज एक पाहुणा येणार आहे,” ते सकाळपासून म्हणत होते. कोण, ते सांगेनात. रंगारी नजर चुकवत होता.

काकाने बॅटरी जोडली, बाटलीने पेट्रोल पाजलं, किल्ली फिरवली. इंजिन एकदा ठसकलं. दुसऱ्यांदा खोकलं, निळा धूर ओकला. तिसऱ्यांदा धरलं. आधी अडखळत, मग काकाच्या बोटांनी कार्बोरेटरचा स्क्रू केसभर फिरवला तसं एकसंध, खोल, भरल्या गळ्याचं. गॅरेजचे पत्रे थरथरले. भिंतीवरचे पाने खिळ्यांवर किणकिणले.

तिने बाबांकडे पाहिलं. त्यांचे डोळे मिटलेले होते आणि उजवी मांडी, जिच्यापुढे काही नव्हतं, ती हळूहळू दाबली जात होती. नसलेल्या पायाने ते एक्सलरेटर देत होते. क्षणभर तिला वाटलं, सरलं सगळं. आता हे भावाला जवळ बोलावतील.

बाबांनी डोळे उघडले. “बोलवा पाहुण्याला.”

दाराशी ट्रक येऊन लागला. मागच्या हौद्यात चेपलेली बोनेटं, पिळलेली दारं, मुडदूस झालेल्या पायांसारखे सायलेन्सर. भंगारवाला उतरला आणि हौद्यापासून जमिनीपर्यंत दोन जाड फळ्या लावू लागला.

“दादा, हे काय?” काकाला इंजिनाच्या आवाजावरून ओरडावं लागलं.

“गाडी चाललीय. भंगारात. दुपारपर्यंत डबा होईल एवढा.” बाबांनी दोन्ही हातांनी माप दाखवलं.

“अरे, पण आत्ता तर... आत्ता तर जिवंत झाली!”

“म्हणूनच! मेलेलीला मारण्यात काय मजा? ती तर तू मारलीच होतीस. तीन महिने राबवलं तुला ते कशाला? तुझा जीव जडू दे तिच्यावर. गाऊ दे तिला. मग जाऊ दे. म्हणजे कळेल, धावता धावता पाय जातो तेव्हा कसं वाटतं.”

काकाने गाडीच्या दारावर हात ठेवला. “एक चक्कर माझी म्हणाला होतास.”

“आहे की! इथून त्या फळ्यांपर्यंत. मग वर. तूच चढव. मी शब्दाला जागतो.” बाबा हसले, हसता हसता खोकले. भंगारवाला हसला नाही. तो फळी पायाने दाबून बघत होता.

तिला वाटलं, काका आता पाने गुंडाळील आणि निघून जाईल. जायलाच हवं होतं. कुणीही गेला असता. पण काकाने हातातली चिंधी खाली ठेवली, तळवे विजारीला पुसले, गाडीचं बुटकं दार उघडलं आणि आत बसला. चाक दोन्ही हातांनी धरलं, जपून. वीस पावलांची चक्कर. गिअर पडला, लाल नाक हळूच पुढे सरकलं, आणि तिने त्याचा चेहरा पाहिला.

त्याला आनंद झाला होता. त्या वीस पावलांपुरता का होईना, खरा, न लपणारा आनंद. तेवढ्यासाठी तो फळीवरसुद्धा चढवायला तयार होता.

तिचे पाय आपोआप निघाले. ती फळ्यांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. गाडी तिच्या गुडघ्यांपासून हातभर अंतरावर थांबली, गुरगुरत.

“ए, बाजूला हो!” बाबांचा पाना दांडीवर आपटला. “मोजणीबाई! ऐकू येत नाही का?”

तिने आतल्या खिशात हात घातला आणि ती चिंधी काढली. ओठ उघडले. बोलली, पण इंजिनाच्या आवाजात ते तिचं तिलाही ऐकू आलं नाही.

काकाने काचेआडून कानाला हात लावला. “काय?”

ती पुन्हा बोलली. पुन्हा काही नाही.

तेव्हा काकाने किल्ली फिरवली. चौतीस वर्षांनी जागं केलेलं इंजिन त्याने तिचं ऐकायला आपल्या हाताने बंद केलं. पत्रे थांबले, पाने थांबले. गल्लीत एकदम इतकी शांतता झाली की बाबांचा घरघरणारा श्वास स्पष्ट ऐकू आला. काका दारातून अर्धा बाहेर आला होता आणि त्याची नजर तिच्या मुठीतल्या लाल कडेवर होती.

“नट तू घट्ट आवळला होतास, काका,” ती म्हणाली. “दोन फेरे मी सैल केला, तू उघडायच्या आदल्या दिवशी. आणि चिंध्या सहा होत्या, बाबा. सहाच होत्या. मी सात म्हटलं.”